पहिली ओटी कुणाची

कुंडलजवळच्या त्या गावात रेश्माला वर्षातून दोनदा शाल मिळे, प्रजासत्ताक दिनी आणि स्वातंत्र्यदिनी. तिचा नवरा मानसिंग सीमेवर कामी आला त्याला नऊ वर्षं झाली होती. त्या दोन दिवशी ती वीरपत्नी असे. उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस ती विधवा होती आणि हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे.

थोरली जाऊ राहीबाई हिला यात वावगं वाटत नसे. उलट सोय वाटे. तिची लेक अंकिता लहानपणी काकीच्याच कुशीत झोपायची. लग्नानंतर दिवस गेल्याचा पहिला फोनसुद्धा तिनं काकीला केला. लेक आपली, गुपितं दुसरीला! राहीबाईच्या मनात हे वर्षानुवर्षं सलत होतं. पण ‘माझा जळफळाट होतो’ असं चारचौघींत म्हणता येत नाही. ‘आपल्यात चालत न्हाई’ असं मात्र म्हणता येतं.

अंकिताच्या डोहाळजेवणाला रेश्मा पहाटेपासून चुलीपुढं होती. विधवेनं लाटलेल्या पुरणपोळ्या सगळ्यांना चालणार होत्या.

अंगणात हिरव्या साडीतली अंकिता झोपाळ्यावर बसली. राहीबाईच्या चुलतसासू साळूबाईंनी विचारलं, “पयली वटी कोण भरतंय?”

“काकी,” अंकिता म्हणाली. “तिनं भरल्याबिगर मी कुणाकडनं भरून घेणार न्हाई.”

रेश्मा पिठाच्या हातानं दारात आली आणि राहीबाईचा तोल गेला.

“तूच शिकवलंस हिला! नवरा गिळलास, आता माझी लेक गिळतीस व्हय? हो मागं!”

अंगणातल्या बायकांनी कानावरचे पदर जरा मागं सारले.

रेश्माचा आवाज चढला नाही.

“आक्का, लेक तुमचीच हाय. पयली वटी आईची. तुमी भरा.” मग तितक्याच हळू ती म्हणाली, “दुसरी मी भरणार. मागं न्हाई व्हणार.”

राहीबाई भांडायच्या तयारीत होती. समोरून दोन शब्द आले असते तर चार टाकता आले असते. ज्या मानासाठी ती इतकी वर्षं धुमसली, तो जावेनं आपणहून पुढं केला होता. हिला रागसुद्धा आपल्यासारखा येत नाही, याचाही तिला हेवा वाटला. तिनं मुकाट्यानं ओटी भरली.

साळूबाईंनी ओटीच्या ताटाला हात घातला. “आण हिकडं.”

राहीबाईनं ताट रेश्माला दिलं.

साळूबाई उठल्या. “अगं, अपशकुन करतीस का काय? मी निघाले!”

राहीबाईला ओरडायचं होतं. “बसा, आत्याबाई,” ती म्हणाली. “तिसरी तुमी भरा.”

साळूबाई बसल्या. जेवणं व्हायची होती.

रेश्मानं ओटीत नारळ ठेवला तशी अंकिता तिच्या गळ्यात पडून रडली. आईच्या वेळी ती नुसती हसली होती. राहीबाईच्या ते बरोबर ध्यानात आलं. तरी तिनं कुंकवाचा करंडा उघडला.

“कपाळ पुढं कर,” ती रेश्माला म्हणाली. आवाज काही फार मायेचा नव्हता.