खळ दिलेला तपकिरी पट्टा

मित्रांनो, नायगावच्या एका नव्याकोऱ्या इमारतीच्या गॅलरीत, दोरीवर मी वाळत लटकलो आहे. सकाळी शेजारच्या काकू मला बघून म्हणाल्या, "अगं बाई, एवढी लांब नाडी कुणाच्या पायजम्याची?" माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. नाडी! मी कराटेचा पट्टा आहे. आता जुना झालो, कडा विरल्या, पण तपकिरी आहे. तपकिरी म्हणजे काळ्या पट्ट्याच्या अगदी उंबरठ्यावरचा. त्या उंबरठ्यावर आमचं काय झालं, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

लालबागच्या एका पोटमाळ्यावर, शिलाई मशीनखाली माझा जन्म झाला. जाड सुती कापडाच्या घड्या आणि त्यांवर ओळीनं शिवणी. तिथून मी दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आलो. तिथे उन्मेष सर कराटे शिकवत. त्यांनी मला नूपुरच्या कमरेला बांधलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. घरी जाताना ती रस्ताभर दुकानांच्या काचांत मला न्याहाळत होती. खोटं कशाला बोलू, मीही स्वतःला न्याहाळत होतो.

नूपुर तेव्हा चाळीत राहायची. वडील हितेंद्र पोलिसात हवालदार, आई सुचित्रा घरी शिवणकाम करायची. पोरगी गुणी होती, पण नाकावर राग. कुणी हसलं की हिची मूठ वळलीच. मी पोटावर बांधलेला, त्यामुळे मला ते सगळ्यांच्या आधी कळायचं. राग आला की तिचं पोट दगडासारखं घट्ट व्हायचं आणि श्वास थांबायचा.

आमच्या खेळात ठोसा मारायचा असतो, पण लागण्याआधी थांबवायचा असतो. समोरच्याच्या चेहऱ्यापाशी मूठ न्यायची आणि तिथेच रोखायची. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या परीक्षेत नूपुरला नेमकं तेच जमलं नाही. लढतीत समोर आलेल्या घोडपदेवच्या मनू नावाच्या मुलीनं तिला बघून डोळा मारला आणि हिनं तिचं नाक फोडलं. पांढऱ्या कपड्यांवर रक्ताचे थेंब पडले. उन्मेष सर ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "नूपुर, पुढच्या परीक्षेत कुणाला लागलं तर या हॉलमध्ये परत यायचं नाही. ज्याची मूठ त्याच्या ताब्यात नाही, त्याला मी शिकवत नाही."

त्या रात्री ती मला उशाशी घेऊन मुसमुसत राहिली. कराटे सोडून तिला दुसरं काहीच नको होतं. वर्षभर ती भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहून ठोसे मारायची. मूठ लागून कागद हलला की पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र आमच्या घरात एक प्रकार घडला. आमच्या वर्गाची रीत अशी, की पट्टा धुवायचा नाही. घाम, धूळ, सगळं अंगावर बाळगायचं. सुचित्राताईंना हे कुठून ठाऊक असणार? हवालदारांच्या घरात कडक इस्त्रीला फार मान. युनिफॉर्मला सुरकुती पडली तर हितेंद्रराव जेवायला बसायचे नाहीत. लेकीची एवढी मोठी परीक्षा, आणि पट्टा असा मरगळलेला! त्यांनी मला धुतलं, भाताच्या पेजेची खळ दिली आणि अशी इस्त्री मारली की मी फूटपट्टीसारखा ताठ झालो.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. गाठ मऊ कापडाची बसते, ताठ कापडाची नाही.

परीक्षेला सुचित्राताई भिंतीपाशी खुर्चीवर बसल्या होत्या. सुरुवातीच्या हालचाली नूपुरनं सुरेख केल्या. मग लढतीची वेळ आली आणि सरांनी नाव पुकारलं, "मनू!"

तीच मनू. नाकाच्या शेंड्यावर अजून बारीक वण होता.

दोघींनी वाकून नमस्कार केला. नूपुरनं पहिली लाथ उचलली आणि मी सुटलो. सरांनी लढत थांबवली. अशा वेळी पाठ फिरवून, गुडघ्यावर बसून पट्टा बांधायचा असतो. नूपुरनं बांधला. लढत सुरू झाली, दोन ठोसे झाले, मी पुन्हा सुटलो. मागे पोरं खिदळली.

"नूपुर," सर म्हणाले, "पट्टा सांभाळता येत नाही आणि काळा मागतेस?"

मनू हळूच पुटपुटली, "आधी नाडी बांधायला शीक, मग ये."

नूपुर गुडघ्यावर बसली. माझ्या कडा तिच्या बोटांना टोचल्या. पेजेचा वास तिच्या नाकात गेला आणि तिला सगळं कळलं. तिनं मान वर करून आईकडे पाहिलं. सुचित्राताईंनी ओढणीचा बोळा तोंडावर दाबून धरला होता. त्यांनाही कळलं होतं.

तिनं मला कसंबसं बांधलं आणि माझ्याखाली तिचं पोट दगड झालं. श्वास थांबला. अगदी गेल्या वेळेसारखा. मी गाठीत जीव एकवटून धरून ठेवायला बघत होतो, पण खळ माझं काही चालू देत नव्हती. मला माझीच लाज वाटत होती.

लढत सुरू झाली. मनू झेपावली. तिची मूठ थांबली नाही, नूपुरच्या गालाला खसकन घासून गेली. डोळ्यांत पाणी आलं. मनूचा चेहरा उघडा होता, नाक समोर होतं आणि नूपुरची मूठ सुटली होती.

त्याच क्षणी मी सुटून तिच्या पायांशी पडलो. फरशीवरून मी वर पाहिलं. मूठ मनूच्या नाकापासून बोटभर अंतरावर थांबली होती. हलत नव्हती. मनूनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

नूपुरनं सावकाश श्वास सोडला.

"उचल आता तो पट्टा," सर म्हणाले. "आज तो शेवटचा बांधायचा."

घरी जाताना चालता चालता सुचित्राताई म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं ना गं ते?"

"कशामुळं? छे गं. घाईत गाठच नीट मारली नाही मी."

मी तिच्या पिशवीत होतो. मला हसूही आलं आणि भरूनही आलं.

पुढे काय, काळा पट्टा आला आणि मी माळ्यावर गेलो. चाळ पाडून नवी इमारत बांधायची म्हणून खोली रिकामी करायची वेळ आली तेव्हा सुचित्राताईंनी गोधड्यांची वळकटी माझ्यानंच करकचून बांधली. भाड्याच्या खोलीत आणि नंतर या घरात मी तसाच आलो. माझी आठवणही कुणी काढली नाही. वाईट वाटायचं, नाही कसं म्हणू?

काल वळकटी सुटली. सुचित्राताईंनी मला हातात घेतलं. "नूपुर, हा टाकायचा का गं?"

नूपुर आता लहान मुलींना शिकवते. ती धावत आली, मला गालाला लावलं. "टाकतेस काय! माझ्या मुलींना दाखवायचाय मला. धू त्याला."

"धू? पट्टा धुवायचा नसतो ना?"

"हा धू. पण आई, या वेळी खळ नको हं."

सुचित्राताई तिच्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे तुला तेव्हाच..." मग त्या हसायला लागल्या आणि हसता हसता ओढणीनं डोळे पुसू लागल्या.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणी माळ्यावर पडला असेल, तर त्याला एकदा खाली काढा, ऊन दाखवा. आणि आपल्या माणसानं मायेपोटी काही बिघडवून ठेवलं, तर हात जसा आवरता, तशी जीभही आवरा. ऊन छान पडलं आहे. संध्याकाळपर्यंत मी मऊ वाळेन.