फळ्यावरचं जास्तीचं शून्य

शिकवण्याची पद्धत. मसुदा पहिला.

माझे अध्यापन विद्यार्थीकेंद्रित असून सर्वांगीण

नको. गेल्या वेळी बढतीच्या अर्जात हेच लिहिलं होतं आणि बढती हुकली होती. यंदाही सहयोगी प्राध्यापक झाले नाही, तर नर्सिंगच्या मुलींना औषधाची मात्रा शिकवायचा विषय माझ्याकडून काढून घेतील. तो मी सोडणार नाही.

मसुदा दुसरा.

मी फळ्यावर मुद्दाम चुकते. बारा किलोचं मूल, किलोमागे पंधरा मिलिग्रॅम औषध. उत्तर एकशे ऐंशी. मी अठराशे लिहिते आणि गप्प उभी राहते. आमच्या ईसानच्या, थायलंडच्या ईशान्येकडच्या मुली मोठ्यांसमोरून जातानासुद्धा वाकून जातात. मोठ्यांची चूक कुठली दाखवणार? उद्या वॉर्डात डॉक्टरांनी एक शून्य जास्त लिहिलं, तरी 'हो डॉक्टर' म्हणून तेवढं औषध देतील. म्हणून कुणी बोलेपर्यंत मी डस्टरला हात लावत नाही.

प्रानोमताई आमच्या विभागप्रमुख. चिकट भाताचा गोळा मिरचीच्या चटणीत बुडवत त्यांनी हे वाचलं आणि घास हातातच राहिला.

"अगं वारुणी, वेडी की काय तू? तुझा तास बघायला आलेल्या परीक्षकांनी काय शेरा मारलाय? 'शिक्षिकेचं गणित कच्चं.' आणि तू वर कबुली देतेस?"

"चूक त्यांना दिसली होती ना, ताई? मग तासभर मागं बसून बोलले का नाहीत?"

"तुझी भीड पडली असेल."

"तेच तर!"

"तेच तर म्हणे! तो शेरा काढून टाक, 'विद्यार्थीकेंद्रित' लिही नि मोकळी हो. आणि खा काहीतरी, काटकुळी नुसती."

भात खाल्ला. शेरा अर्जाच्या पहिल्याच पानावर लावला.

मसुदा तिसरा. उदाहरण हवं.

फिकुन. गेल्या वर्षी भर वर्गात माझी चूक दाखवणारी पहिली मुलगी. आता तिच्या वर्गातल्या सगळ्याच मुली निर्भीडपणे

नाव घालायचं तर तिला विचारायला हवं. बोलावलं. आपलं डोकं माझ्यापेक्षा वर जाऊ नये म्हणून ती खुर्चीशेजारी गुडघे टेकून बसली. वाचता वाचता तिचे कान लाल झाले.

"छान आहे, बाई."

"मग कर सही."

तिनं पेन घेतलं. पुन्हा ठेवलं.

"बाई, रागावणार नाही ना?"

"बोल तर."

"ती मी नव्हते. तुमचं तोंड फळ्याकडं होतं, तोई बोलली होती. मी शेजारी बसून तिला चिमटे काढत होते, गप्प बस म्हणून."

"अगं, मी वर्षभर तुझं कौतुक करतेय!"

"म्हणून तर, बाई. तुम्ही एवढ्या आनंदात सांगत होता, मध्येच कसं तोडायचं? तोईपण म्हणाली, राहू दे, बाईंना वाईट वाटेल."

"मग आज का तोडलंस?"

"हे आता समितीकडं जाणार ना?" तिची नजर फरशीवर होती. "चुकीचं."

ती गेल्यावर मी 'सगळ्याच मुली' खोडलं. लिहिलं: काहींना वर्ष लागतं. तोईचं नाव घातलं, तिची सही घेतली. फिकुनची सही घेऊन तिचे चिमटेही घातले. तिसरा मसुदा फाडला नाही; त्यावर आडवी रेघ मारून मागं जोडला.

मसुदा शेवटचा.

बारा किलोचं मूल, किलोमागे पंधरा मिलिग्रॅम. उत्तर: अठराशे.

बरोबर आकडा कुठंच दिला नाही. समितीसमोर बसेन तेव्हा कुणीतरी बोलेपर्यंत थांबेन. नाहीच बोलले, तर तेही दिसेल.

प्रानोमताई सही करायला बसल्या. पहिल्या ओळीवर त्यांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पुन्हा कागदाकडं. घसा खाकरला.

"वारुणी, एक शून्य जास्त आहे गं इथं."

"आहे, ताई. आता सही करा."