फुलसावंगीची चालती सावली

फुलसावंगीच्या बंद गिट्टी खदानीत चंद्र आणून ठेवला होता. खोटं वाटत असेल त्याने महागाव तालुक्यात कुणालाही विचारावं. निम्मे लोक तर सांगतील की त्या आठवड्यात वरचा चंद्र जरा फिकाच दिसायचा. खरी गोष्ट एवढीच, की चंद्रावरचे काळे डाग ज्या जातीच्या दगडाचे, त्याच जातीचा दगड आपल्याकडे ढिगाने पडला आहे. क्रशर बंद पडल्यापासून खदानीत त्याची गुडघाभर भुकटी साचली होती. इतकी बारीक, की ढाणकीच्या बाजारात कुणी शिंकलं तर इथे ढग उठायचा.

ही जागा चाचणीसाठी कंपनीला सुचवली उर्वशीने. उर्वशी इथलीच, मैनाबाईंची नात, आणि चंद्रावर पाठवायचा रोव्हर बनवणाऱ्या एका बंगळुरूच्या कंपनीत कामाला. सहा चाकं, पाठीवर सौर पाटी आणि लांब मानेवर कॅमेरा. उंचीने गोऱ्ह्याएवढी गाडी. ती चंद्रावर उतरल्यावर पृथ्वीवरून हाकायची खुर्ची एकच होती आणि उमेदवार दोन. एक उर्वशी, दुसरा नागपूरचा नयन, ज्याला नियमांचं पुस्तक झोपेतही पाठ. उर्वशीला मात्र झोपेत ती खुर्चीच दिसायची, चाकांसकट.

कोण बसणार ते खदानीत ठरायचं होतं. उमेदवाराने शाळेच्या एका खोलीत पडदे लावून बसायचं आणि रोव्हर पाठवेल त्या फोटोंच्या भरवशावर त्याला खदानीच्या पार न्यायचं. बाहेर डोकावणं नाही, फोन नाही. हुकूम चंद्रावर पोचून उत्तर यायला जेवढा उशीर लागतो, तेवढा मुद्दाम संगणकात घातलेला. मागे प्रमुख रजत सर बसलेले. खदानीला दोर बांधला होता आणि दोरापाशी फकिरा राखणीला होता. सकाळी उर्वशीने गावाला हात जोडून सांगितलं की गाडीला कुणी हात लावू नका, आणि आजीला दोनदा सांगितलं.

पहिली पाळी तिचीच; नयनला तोवर दुसऱ्या खोलीत बसवलं होतं. निम्मी खदान छान पार पडली. पुढे चढ आला म्हणून तिने रोव्हर उभा केला, आणि चाकं कुठून घालावी याचा विचार करत होती, तोच फोटो काळवंडले. सौर पाटीची वीज एकदम बंद झाली. ढिगाची सावली पडली असेल म्हणून तिने रोव्हर वीतभर पुढे घेतला. सावली वीतभर पुढे आली. डावीकडे घेतला, तर सावली डावीकडे. बॅटरी उतरायला लागली आणि रजत सर खुर्ची सोडून पडद्याला नाक लावून उभे राहिले. सावली चालते, हे त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

उर्वशीने कॅमेऱ्याची मान वर केली. काळं कापड दिसलं, छत्रीच्या काड्या दिसल्या. मान खाली केली, तर ओळखीच्या लुगड्याचा काठ आणि झिजलेल्या चपला.

मैनाबाईंनी जन्मात कुठलं जनावर उन्हात उभं राहू दिलं नव्हतं. बाजारात परक्यांच्या बकऱ्या सोडून त्या झाडाखाली नेऊन बांधत, आणि मालक गावभर शोधत फिरे. फकिरा आडवा आला होता, पण तो त्यांचा भाचा. मावशीपुढे त्याचं काय चालणार.

"सर, ती माझी आजी आहे," उर्वशी म्हणाली.

"चंद्रावर आजी नसते."

"नसते सर. पण इथे आहे."

रजत सरांनी विचारलं, थांबवायचं का. थांबवलं तर चाचणी अर्धी धरली जाणार होती, म्हणजे खुर्ची नयनची. उर्वशी म्हणाली, "नको."

मग तिच्या डोक्यात आलं की उशीर काही एकट्या चंद्रालाच लागत नाही. आजीचे गुडघे त्याच्याहून सावकाश. तिने रोव्हर दोन हात पुढे नेला. आजी छत्री घेऊन निघाली, तोवर रोव्हर मागे. आजी कण्हत वळेपर्यंत पाटीवर ऊन पडलं आणि घोटभर वीज आत गेली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे, मग गोल. बघणारे सांगतात, मैनाबाईंनी त्या दिवशी खदानीत एवढे फेरे घातले की तिथे आजही पायवाट आहे. शेवटी त्या एका दगडावर टेकल्या, आणि रोव्हर भर उन्हात चढ चढून पार गेला.

रजत सर तरातरा बाहेर आले तेव्हा आजी पदराने वारा घेत होत्या.

"माह्याकडे काहून पाहून राह्यले, साहेब? हात लावू नको म्हनलं थ्या पोरीनं. मी लावला का हात? इचारा फकिराले."

 सर न्यायाचे पक्के. एकीला सावली लागली तर दुसऱ्यालाही लागली पाहिजे, असं म्हणून त्यांनी उर्वशीला नयनशी बोलायची बंदी केली आणि आजीला पुन्हा खदानीत यायची हात जोडून विनंती केली. आजी म्हणाल्या, पाहुण्याचं जनावर आहे, नाही कसं म्हणू.

नयनने चढापाशी रोव्हर उभा केला आणि सावली पडली. नियम स्पष्ट होता: अनोळखी सावलीत हालचाल बंद करा, वीज वाचवा, उन्हाची वाट पाहा. नयनने तंतोतंत तेच केलं. एवढं गुणी, एका जागी थांबणारं जनावर पाहून आजींचा जीव भरून आला. त्या त्याच्या शेजारी बूड टेकून बसल्या, छत्री या हातातून त्या हातात घेत राहिल्या, आणि नयन खोलीत उन्हाची वाट पाहत राहिला. बॅटरी संपून रोव्हरची मान खाली गेली, तेव्हा आजींनी भोवतीच्या पोरासोरांना गलका करू नका म्हणून दटावलं.

खुर्ची उर्वशीची झाली. नयन हिरमुसून ओट्यावर बसला होता. आजींनी त्याच्यापुढे ज्वारीची भाकर आणि झुणका ठेवला, आणि नातीच्या देखतच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"तू कायले मन खट्टू करतं, बापू? तुह्यं जनावर लय समजदार हाये, सावलीत कसं गपचिप निजलं. हिचं तं नुस्तं उंडारून राह्यलं होतं उन्हात. मले इचारलं असतं साहेबानं, तं मी तुलेच पास केलं असतं."