माझं नाव घेतलं त्या दुपारी

माझ्या तीन पेडांपैकी एका पेडाचे सात धागे तुटले आहेत. कप्पीवर जिथे मी वाकतो, बरोबर तिथे. त्यांवर मेण लावलेल्या दोऱ्याचे बारा वेढे आहेत. सगळ्या गाठी एकाच बाईच्या हातच्या; शेवटची गेल्याच मंगळवारची.

मित्रांनो, मी नांत शहरातल्या एका नाट्यगृहाच्या पडद्याचा जुना दोर आहे. पण इथे मला कोणी दोर म्हणत नाही. पडद्यामागची माणसं पूर्वीची खलाशी. दोर म्हटलं की त्यांना फाशी आठवते. ज्याच्या तोंडून हा शब्द निसटेल त्याने सगळ्यांना वाईन पाजायची, असा नियम. म्हणून मी आपला 'लांबडा'.

नदीकाठच्या कारखान्यात अंबाडीपासून मला वळलं, तेव्हा मी पिवळाधमक होतो. अकरा वर्षं पडदेवाल्या आन्सेल्मच्या हातांनी मी पडदा उचलला आणि सोडला. प्रेमाची, रुसव्यांची आणि शेवटी लग्नाची किती संगीत नाटकं पाहिली! टाळ्या गाणाऱ्यांना मिळत. माझ्याकडे लक्ष असे ते फक्त कपडेपट सांभाळणाऱ्या लेओकादीचं. मी झिजलो की ती दोरा गुंडाळून मला सावरायची. ती गाठ मारेपर्यंत आन्सेल्म मला घट्ट धरून उभा राहायचा आणि त्याच्या तळव्यांना घाम सुटायचा. त्याला काय विचारायचं आहे, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

काही वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी हंगामातला शेवटचा दुपारचा खेळ होता. लेओकादी दुसऱ्या दिवशी मार्सेयला बहिणीकडे कायमची निघाली होती. रंगमंचावर कप्तान धोबिणीला मागणी घालत होता. तिने 'हो' म्हटलं की पडदा पडायचा. इतक्यात टोपी घालून लेओकादी निरोप घ्यायला आली.

"येते मी. तुमच्या लांबड्याला जपा हं."

"जाऊ नका," आन्सेल्म कसाबसा म्हणाला. "हा... हा दोर कोण बांधणार?"

"बोलला! बोलला!" कामगार ओरडले. "अकरा वर्षांनी तोंड उघडलं गड्यानं, तेही आम्हाला वाईन पाजायला!"

आन्सेल्मच्या हातून मी सुटलो. धोबिणीच्या 'हो'च्या आधीच पडदा धाडकन खाली आला. वाद्यं गोंधळून थांबली.

मित्रांनो, रोज हाताशी असणाऱ्याला वेळीच जपावं. तुटायची वाट पाहू नये. मी टिकलो तो त्या गाठींमुळे.

त्या शांततेत, पडद्यापलीकडच्या शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात आन्सेल्म म्हणाला, "पाजतो वाईन. पण लग्नाची! लेओकादी, कराल माझ्याशी लग्न?"