घटपर्णीच्या पोटातली हाक

"रत्ना, अगं ये ना बाहेर! झाकण उघडतंय बघ!"

तीन वर्षांपूर्वीची ही हाक अजून माझ्या पोटात आहे. मित्रांनो, मी एक जुनी घटपर्णी आहे. माझ्या पानाच्या टोकाला दोरा सुटतो आणि त्या दोऱ्याला झाकणाचा इवला घडा लटकतो. घड्याच्या काठावरून मुंगी घसरली की पुन्हा वर येत नाही. ती हाकही आली नाही.

भोपाळच्या साकेत नगरात, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मी राहते. मला इथे आणलं विश्वासरावांनी. कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेला माणूस. वस्तू उलटीपालटी करून पाहिल्याशिवाय घ्यायचे नाहीत. रोपवाटिकेत माझ्या शेजारी एक देखणी बहीण होती, लाल घड्यांनी नुसती लगडलेली. माझा एकच घडा, तोही वाळका. विश्वासरावांचा हात तिच्याकडे गेला, तसा रोपवाला पिंटू म्हणाला, "बाबूजी, वो ठंडे पहाड़ की है, मई में रो देगी. ये गरम मुलुक की है, टिकेगी."

विश्वासरावांनी माझं कोवळं पान बोटांनी चाचपलं. "घडे काय, आज आहेत, उद्या गळतील. नवं पान फुटतंय ना? मग हीच."

घरी रत्नप्रभाबाईंनी कपाळाला हात लावला. "आपल्या घरात अंडं येत नाही, आणि हे माशीखाऊ ध्यान कशाला आणलंत?"

विश्वासराव नुसते हसले. नळाच्या पाण्यातला क्षार मला सोसत नाही, म्हणून पिंपात पावसाचं पाणी साठवू लागले. खत नाही, शेण नाही. रोज सकाळी मात्र चौकशी, "काय बाई, बरी आहेस ना?"

मग मला नवा घडा धरला. त्याला सकाळचं ऊन हवं होतं, आणि ते गॅलरीच्या एकाच कोपऱ्यात यायचं. तिथे रत्नप्रभाबाईंची तुळस होती. विश्वासरावांनी न विचारता तिची कुंडी सरकवली आणि मला तिथे टांगलं. चूक झाली ती तिथे. रत्नप्रभाबाईंनी अबोला धरला. नवऱ्याशी एक शब्द नाही. तुळशीला पाणी घालताना मात्र त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या,

"तुळशीबाई गं, तुझा गेला उगवतीचा कोना,
माशीखाऊ सवत आली, धनी माझा ऐकेना."

विश्वासराव वर्तमानपत्राआड गालात हसायचे.

अबोल्याचा तिसरा दिवस. सकाळचे अकरा. आत चटणीचा मिक्सर घरघरत होता. माझ्या घड्याचं झाकण हळूच सुटू लागलं, आणि वेताच्या खुर्चीतून विश्वासरावांनी ती हाक मारली. मिक्सर थांबला. पण बाहेर कुणी आलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, "रत्ना!" तिसऱ्या वेळी आवाज अगदी बारीक होता. मग मान एका बाजूला कलली. माझं झाकण पुरतं उघडलं, तेव्हा बघायला कुणी नव्हतं.

मुलगा, अद्वैत, पुण्याहून आला. रत्नप्रभाबाई त्याला म्हणाल्या, "मिक्सर चालू होता रे. ऐकूच आलं नाही." पुढे जो भेटायला येई, त्याला हेच.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. अद्वैतनं हात जोडून सांगितलं, "बाबा, आईला मी सांभाळीन." कावळा हलेना. भटजी रत्नप्रभाबाईंना म्हणाले, "काकू, तुमच्या मनात काही असेल तर बोला." त्या पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

तेव्हापासून रोज दुपारी रत्नप्रभाबाईंच्या ताटातला पहिला घास माझ्या घड्यात पडू लागला. आमटीभात, कधी खीर. "घ्या," एवढंच म्हणायच्या. माझं उघडं तोंड त्यांना त्यांच्या माणसाचं वाटत होतं. मला ते पचेना. पिंपातलं पाणी संपलं, नळाचं आलं. घडे काळे पडून एकेक गळू लागले. आणि अकराला मिक्सर थांबला की मोकळी खुर्ची करकरायची. वाराच असेल. पण त्या दाराशी येऊन थबकायच्या, त्या वेळी उंबरा काही ओलांडायच्या नाहीत.

वर्ष सरलं. वर्षश्राद्धाला आलेला अद्वैत म्हणाला, "आई, मेलंय ते. टाकून देऊ?"

"हात लावू नकोस!" त्या ओरडल्या, आणि मला मांडीवर घेऊन रिक्षानं पिंटूकडे गेल्या.

पिंटूनं घड्यात नाक घातलं. "राम राम! अम्माजी, इसमें चावल किसने डाला? इसको तो महीने में दो चींटी बहुत. बाबूजी ने बताया नहीं?"

"बताया था. मैंने सुना नहीं," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तोंड उघडं दिसलं म्हणून प्रत्येकाला भूकच लागलेली नसते. झाड घरी आणाल तर आधी त्याला काय सोसतं ते विचारा, आणि त्याच्यासाठी दुसऱ्याची जागा हिसकावू नका. मायेनंही जीव जातो; माझा जाता जाता राहिला.

पुन्हा पावसाचं पाणी आलं. सडका भाग छाटला. उगवतीच्या कोपऱ्यात आता तुळस खाली आणि मी वर, एकाच उन्हात. सावरायला मला दोन वर्षं लागली. काल नवा घडा भरात आला. अकराचा सुमार, आत मिक्सर घरघरत होता. माझं झाकण सुटू लागलं. माझ्या पोटातली हाक मला ऐकू आली. त्यांनाही आली असावी, कारण मिक्सर थांबला.

या वेळी त्यांनी उंबरा ओलांडला. चटणीचे हात तसेच घेऊन त्या वेताच्या खुर्चीपाशी खाली बसल्या. झाकण पुरतं उघडेपर्यंत बघत राहिल्या. मग रिकाम्या खुर्चीच्या हातावर डोकं टेकून म्हणाल्या,

"अहो, मिक्सर मीच बंद केला होता. मी ऐकलं होतं. तिन्ही वेळा."