लंगडा हुदहुद

सैदा शहराच्या जुन्या बाजारात कुणी "लंगडा द्या" म्हणालं की दुकानदार मुकाट्यानं साबणाची वडी काढून देतो. अबू रियादच्या कारखान्यातल्या प्रत्येक वडीवर हुदहुद पक्ष्याचा शिक्का असतो आणि त्या पक्ष्याला पाय एकच. मूळचे दोन होते. त्याच्या आजोबांच्या हातून पितळी शिक्का एकदा फरशीवर आपटला, एक तंगडी उडाली. "पाठ चोळायला तंगडी कशाला लागते?" असं म्हणून आजोबांनी विषय मिटवला, तो नातवाच्या काळापर्यंत मिटलेलाच होता.

शेजारचा गाळा हाजी सुब्हींचा. तेही साबणवालेच. लढाईच्या दिवसांत त्यांचा शिक्का हरवला, तेव्हा अबू रियादच्या वडिलांनी आपला वापरायला दिला. हाजींनी त्यावरून स्वतःचा पाडून घेतला, तोही लंगडेपणासकट. कुणाला त्यात काही वाटलं नाही. बाजाराची रीतच अशी, की आपली बोहनी झाली आणि शेजाऱ्याची व्हायची असली, तर पुढचं गिऱ्हाईक त्याच्याकडे धाडायचं. जिथं गिऱ्हाईक देतात तिथं तंगडी कोण मोजतो?

मग हाजींच्या कुवेतच्या जावयानं फोन करून सांगितलं, परदेशात माल पाठवायचा तर पक्षी सरकारात नोंदवा. हाजींनी नोंदणीचा अर्ज करून टाकला. ही बातमी अबू रियादला दिली ती वकील रंदानं. ती त्याच्या बहिणीच्या नणंदेची मुलगी. हे असलेच खटले चालवायची.

"मामा, पक्षी हाजींच्या नावावर झाला तर उद्या तुम्हाला तुमच्याच साबणावर तो उठवता येणार नाही."

"अगं, पण आत्ताच तर त्यांनी मला कॉफी पाजली."

"तुम्ही विरोधी पक्षाबरोबर कॉफी पिता?"

"मग कुणाबरोबर पिऊ? पलीकडं चपलावाला आहे, तो कॉफीत साखर घालत नाही."

रंदानं कपाळाला हात लावला. मग तिनं चिन्हाची ओळख, पूर्वापार वापर, फसवं साधर्म्य असं बरंच काही समजावलं. अबू रियाद मान हलवत राहिला. त्याच्या डोक्यात शिरलं ते एवढंच, की पक्षी जाऊ शकतो आणि तिनं घेतलेल्या हरकतीवर परवा अधिकाऱ्यासमोर मूळ शिक्का दाखवायचा आहे.

घरी जाताना त्याला शरम वाटायला लागली. सरकारदरबारी जायचं म्हणून माणूस दाढी करतो, सदऱ्याला इस्त्री करतो, आणि पक्षी मात्र लंगडाच न्यायचा? तो तडक वार्तानकडे गेला. वार्तान आर्मेनियन, कोरीव कामात सैद्यात त्याचा हात धरणारा नव्हता. त्यानं पितळ जोडून अशी काही झकास तंगडी बसवली की हुदहुद आता उडी मारेल असं वाटावं.

सुनावणीच्या दिवशी अबू रियादनं फडकं सोडून शिक्का अभिमानानं टेबलावर ठेवला. रंदाचा चेहरा कच्च्या साबणासारखा पांढरा पडला.

"मामा, हे काय केलंत? ती तुटलेली तंगडीच आपला पुरावा होती! तुमचा पक्षी पडून लंगडा झाला आणि त्यांचा तुमच्यावरून!"

"मग हे आधी सांगायचंस."

"तासभर दुसरं काय सांगत होते मी?"

एवढ्यात हाजींनीही आपलं फडकं सोडलं. त्यांच्याही पक्ष्याला दोन पाय. तंगडीची ठेवण पाहून अबू रियाद हळूच म्हणाला, "वार्तान?"

"वार्तान," हाजी म्हणाले. "लंगडा घेऊन साहेबांसमोर कसं यायचं रे?"

अधिकाऱ्यानं अर्जातलं चित्र पाहिलं, मग दोन्ही शिक्के उलटसुलट करून पाहिले. "अर्ज लंगड्याचा आहे आणि लंगडा तर दोघांकडेही नाही. मी नोंदवू काय? निघा. उद्या जो चित्राबरहुकूम शिक्का घेऊन आधी खिडकीशी येईल, त्याचा पक्षी."

वार्तान फार चिडला. "परवा मला वैद्य केलंत, आज खाटीक करता?" असं बडबडत त्यानं दोन्ही तंगड्या उडवल्या.

दुसऱ्या दिवशी अबू रियादनं गाळा उघडलाच नाही. कचेरी उघडायच्या आधीच तो रंदाबरोबर दाराशी हजर. आणि नेमके दार उघडलं त्याच वेळी पलीकडून हाजी आले, हाश्शहुश्श करत.

"आत शिरा, मामा," रंदा कानाशी कुजबुजली.

अबू रियादला सगळं कळत होतं. आत पाऊल टाकलं की पक्षी आपला, नाही टाकलं तर गेला. पण पाऊल उचलायच्या आधी तोंड उघडलं. "या हाजी, आधी तुम्ही."

"छे छे, तू आधी आलास."

"वडीलधाऱ्यांच्या पुढं मी पाय टाकू? अल्लाची शपथ, नाही."

"माझ्या डोळ्यांची शपथ, तूच."

"मामा!" रंदा किंचाळली.

मागं रांग लागली. शिपाई म्हणाला, "कुणीतरी आत मरा, नाहीतर दार लावतो." तेव्हा अबू रियादनं हाजींच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना आदरानं आत ढकललं. शिष्टाचारात तो जिंकला होता. पण आजोबांचा पक्षी आपण आपल्याच हातानं ढकलून दिला, हे त्याला उंबऱ्यावर उमगलं.

खिडकीतल्या कारकुनानं हात पुढं केला. "कागद, शिक्का."

हाजींनी खिशात हात घातला आणि ते थबकले. वळून विचारलं, "काय रे, आज गाळा उघडलास?"

"नाही."

"म्हणजे बोहनी नाही?"

"कुठली बोहनी! इथंच उभा आहे सकाळपासून."

हाजी कारकुनाला म्हणाले, "माझी झालीय, चार वड्या गेल्या. आधी ह्याचं घ्या."

"अहो, इथं साबण विकत नाहीत," कारकून म्हणाला.

"मी कुठं म्हणतो विकता? ह्याची बोहनी व्हायचीय, एवढंच म्हणतो."

कारकून बाजारातल्याच माणसाचा मुलगा असावा. त्यानं निमूटपणे अबू रियादचे कागद ओढून घेतले आणि कचेरीचा शिक्का मारला.

बाहेर आल्यावर रंदा आनंदानं म्हणाली, "जिंकलो, मामा!"

"कुणाला?" अबू रियादनं विचारलं.

रंदानं एवढंच बजावलं, की यापुढं हा पक्षी दुसऱ्या कुणाला, अगदी हाजींनाही, लेखी कराराशिवाय वापरू द्यायचा नाही. अबू रियादनं मान हलवली. शनिवारी हाजी गाळ्यात आले आणि म्हणाले, "माझा शिक्का आता बेकायदेशीर म्हणे. तुझा दे जरा. वड्या वाळायला लागल्यात, वाळल्या की पक्षी उठत नाही."

अबू रियादनं शिक्का दिला. मग त्याला करार आठवला. तो मागं धावला आणि दारातूनच ओरडला, "हाजी, तो परत आणताना काहीतरी लिहून द्या!"

"काय लिहू?"

"ते रंदाला विचारायला हवं," अबू रियाद म्हणाला, आणि कॉफी ठेवायला आत गेला.