भिंतीतलं पाणी

प्लंबरने छिन्नी दोन टाइलांच्या सांध्यात टेकवली, हातोडीने हलकेच ठोकलं आणि टाइल सबंध सुटेल या आशेने खाली तळहात धरला. ती मधोमध तडकलीच.

"असू द्या," दारात उभी असलेली सून म्हणाली. "या रंगाच्या आता मिळतच नाहीत."

"दुसऱ्या लावल्या तर ठिगळ दिसेल, ताई."

"दिसू दे."

ठिगळाचं तिला काहीच वाटत नव्हतं. भिंतीत काहीतरी सापडावं असं वाटत होतं, आणि सापडू नये असंही.

सासूबाईंची खोली बाथरूमला लागून होती, पलंग याच भिंतीला टेकलेला. भिंतीत पाणी वाहतंय, असं त्या आठ महिन्यांपूर्वी सांगू लागल्या होत्या. पण दाराची बेल वाजवून माणूस कंटाळला तरी त्यांना पत्ता लागायचा नाही. "आईला बेल ऐकू येत नाही, भिंतीतलं पाणी मात्र ऐकू येतं!" असं नवरा म्हणायचा आणि सगळे हसायचे. तीही हसायची. पुढे हसणं संपलं आणि काळजी सुरू झाली. या वयात भास होतात, असं म्हणून डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. ती द्यायचं काम सुनेकडे होतं. "नको गं, दिवसभर डोकं जड राहतं," असं सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या. मग मुकाट्याने गोळी गिळायला लागल्या. पाण्याचंही बोलेनाशा झाल्या.

गेल्या आठवड्यात त्यांच्या कपाटामागे रंगाला फुगे आले, म्हणून आज प्लंबर आला होता.

"हे बघा," तो म्हणाला.

ती वाकली. विटा काळ्या पडल्या होत्या. पाइपाच्या वळणावरचा लोखंडी एल्बो गंजून फुगला होता, त्याला पापुद्रे सुटले होते. प्लंबरने पान्हा लावून जोर दिला, तर अर्धा तुकडा त्याच्या हातातच आला.

"वर्ष तरी झालं असेल याला. बारीक गळती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही."

"आलं होतं," ती म्हणाली.

त्याने सडलेला पाइप कापला, नवा जोड बसवला, मेन कॉक उघडून सांध्यावरून कोरडं फडकं फिरवलं. फडकं कोरडंच राहिलं. मग तो सिमेंट कालवायला बसला.

ती एल्बोचा तुकडा घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेली. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. चेहऱ्यावर 'बघ, मी म्हणत नव्हते?' असलं काही नव्हतं.

"आई, तुम्हाला हे ऐकू कसं आलं?" तिने जरा मोठ्याने विचारलं.

"ऐकू कुठलं येतंय? हाताला लागायचं. पडल्या पडल्या भिंतीला हात टेकते ना, तेव्हा."

हे त्यांना आठ महिन्यांत कुणी विचारलंच नव्हतं. तिने स्टुलावरची गोळ्यांची पट्टी उचलली.

"डॉक्टरांशी आजच बोलते मी. चुकलं आमचं, आई."

"जाऊ दे गं." त्यांनी तुकडा स्टुलावर ठेवला. मग म्हणाल्या, "आता थोरलीकडे बघ जरा."

थोरली म्हणजे तिची लेक. याच वर्षी नोकरीला लागलेली.

"तिला काय झालं?"

"कामावरून आली की तडक बाथरूममध्ये जाते. अर्धा अर्धा तास नळ सोडून ठेवते, भिंत थरथरत असते नुसती. बाहेर येते तेव्हा केस कोरडे आणि डोळे लाल."

सून पलंगाच्या कडेला टेकली.

"कधीपासून?"

"झाले की तीन-चार महिने."

"मग मला सांगायचं नाही का?"

सासूबाईंनी बोटांना लागलेला गंज पदराला पुसला.

"पाण्याचं सांगत होतेच की गं, कुणी ऐकलं?"

बाहेर दार उघडलं. चपला कोपऱ्यात पडल्याचा आवाज झाला आणि थोरली दारातून डोकावली. खांद्यावरची पर्स तशीच होती.

"आई, बाथरूम मोकळं आहे का?"

"नाही, सिमेंट ओलं आहे अजून." ती सरकली. तिच्या आणि सासूबाईंच्या मध्ये एका माणसापुरती जागा झाली. "ये, इथे बस."

थोरली क्षणभर दारातच घुटमळली. मग तिने पर्स खाली ठेवली.